रांगेतली पहिली बॅट

आमच्या केंद्रात खेळायला नाव लागत नसे, नवऱ्याचा हुद्दा लागत नसे. बॅट लागत असे. दारालगत सिमेंटचा एक लांब कट्टा होता. आलेल्या बाईने आपली बॅट त्या कट्ट्यावर, आधीच्या बॅटीच्या शेजारी ठेवायची आणि बसून राहायचं. कोर्ट रिकामं झालं की रांगेतल्या पहिल्या चार बॅटी आत. पहिली आणि दुसरी एका बाजूला, तिसरी आणि चौथी समोर. जोडीदार निवडायचा नाही, नाकारायचा नाही. डाव संपला की बॅट पुन्हा रांगेच्या शेपटाला.

हा नियम मी केला. त्या नोकरीत मी एवढं एकच काम केलं असं कुणी म्हटलं तरी मला राग येणार नाही.

सिन्नर फाट्याच्या बाजूला एका कारखान्याची वसाहत होती. कारखान्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. त्या वसाहतीच्या करमणूक केंद्रात मी महिला विभागाची क्रीडा संचालिका होते. पद भारदस्त आहे. काम असं, की दुपारी कोर्ट झाडायचं, तापलेल्या सिमेंटवर पाणी मारायचं, कारण निम्म्या बायका अनवाणी खेळत. मग जाळी ताणायची आणि महिलांची वेळ संपेपर्यंत भांडणं सोडवायची. त्यानंतर पुरुष येत आणि ते आपली भांडणं स्वतः सोडवत. बायकांना खेळायला संचालिका कशाला हवी, असं मला पुष्कळांनी विचारलं. पुरुषांना हवी होती, पण त्यांना ते माहीत नव्हतं, असं माझं उत्तर असे.

आम्ही खेळायचो त्या खेळाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण वाचकांपैकी कुणी तो पाहिला असेल असं वाटत नाही. कोर्ट खरं बॅडमिंटनचं, पण उघड्यावरचं. वारा सुटला की शटल एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या चिमण्यांचा धूर जाई त्याच दिशेला निघून जाई. एका साहेबांना कंपनीने प्रशिक्षणासाठी अमेरिकेला पाठवलं होतं. ते येताना लाकडाच्या दोन आखूड बॅटी आणि भोकं असलेला एक प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन आले. जाळी खाली उतरवायची, सर्व्हिस कमरेखालून करायची, चेंडू एक टप्पा खाऊ द्यायचा. वारा चेंडूच्या भोकांतून बराचसा निघून जातो. खेळाचं नाव त्यांनी पिकलबॉल सांगितलं. पिकल म्हणजे लोणचं, एवढं इंग्रजी वसाहतीत सगळ्यांना येत होतं. त्या दिवसापासून "काय गं, येतेस का लोणचं घालायला?" ही खेळायला बोलावण्याची रीत झाली.

साहेबांची पुढे बदली झाली, खेळ राहिला. यंत्रं येत त्या खोक्यांच्या प्लायवूडमधून सुतारखात्याने बॅटी कापून दिल्या. तसला चेंडू मात्र इकडे कुठे मिळेना. मग नाशिकच्या मेनरोडवरच्या खेळण्यांच्या दुकानातून साधे पोकळ चेंडू आणायचे, विणायची सुई स्टोव्हवर लाल करायची आणि भोकं पाडायची. भोकं जवळजवळ पडली की दुसऱ्या दिवशी चेंडू फुटे. या खेळाच्या स्पर्धा नव्हत्या, कप नव्हते. बहुधा साऱ्या जिल्ह्यात आम्हीच तो खेळत होतो, आणि आम्हाला हरवणारं बाहेर कुणी नव्हतं.

जाळीलगत दोन्ही बाजूंना एक पट्टी आखलेली असते. तिच्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. चेंडू आधी तिथे पडला तरच मारायला आत जायचं. मी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा एका कारकुनाच्या आई, माई, टाळी देत म्हणाल्या, "म्हणजे सोवळ्यातलंच की! उगाच शिवायचं नाही." सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मी म्हणाले, हा शब्द या कोर्टावर चालणार नाही. माई गोंधळल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच तर त्या शब्दाचं वाईट आहे. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच येऊन म्हणाल्या, "मुली, ओटा म्हटलं तर चालेल का गं?" चाललं. तेव्हापासून आमच्याकडे "ओट्यावर चढलीस, गुण गेला" असं ओरडत.

रांगेचा नियम कसोटीला लागला तो एका मोठ्या साहेबांच्या पत्नीमुळे. त्या स्वतः मागाहून येत आणि बॅट ठेवायला आधी आपल्या घरच्या कामवालीला, हौसाबाईला, पाठवत. एकदा हौसाबाई बॅट ठेवून निघाली तशी मी तिला बसवलं. "ज्या हाताने बॅट ठेवली तो हात खेळणार." हौसाबाई म्हणाली, "अवो बाई, माझ्या पोटावर पाय आणता का?" मी म्हणाले, नियम माझा आहे, ओरडा मी खाईन. तिने नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि पहिलाच चेंडू केंद्राच्या पत्र्यावर मारला. तेवढ्यात बाईसाहेब आल्या. पाच मिनिटं कट्ट्याशी उभ्या राहिल्या, मग घरी गेल्या आणि दुसरी बॅट घेऊन परत आल्या. रांगेत ठेवली, बसल्या. नंतर त्या आमच्या चांगल्या खेळाडूंपैकी एक झाल्या. ओरडा मला कल्याण अधिकाऱ्यांकडून पडला, तो वेगळा.

मी अशी का, हे थोडक्यात सांगते. मी पत्रकांवर वाढले. हे अलंकारिक नाही. माझे वडील, अण्णा, नाशिकरोडला एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, हे त्यांचं काम. मोर्चांची, सभांची, संपांची पत्रकं तिथे छापली जात. शाई फासलेली, वाकडी छापलेली पत्रकं अण्णा घरी आणत. पाठकोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवरून वाचायला शिकले. 'कमळ'च्या आधी मला 'माणुसकी' वाचता आलं. आमचं मूळ गाव निफाड तालुक्यातलं. आजोबांच्या पिढीने मेलेली ढोरं ओढायचं सोडलं तेव्हा गावाने बहिष्कार घातला. दुकानदार मीठ देईना, चक्कीवाला दळण घेईना. अण्णा तेव्हा लहान होते आणि शेजारच्या गावाहून मीठ आणायला चालत जात. ते मीठ हा आमच्या घरातला सगळ्यात जुना धडा.

आता वत्सलाबद्दल. खरं म्हणजे हा सगळा लेख तिच्याबद्दल आणि सिंधूताईबद्दल आहे.

दोघींची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून. सिंधूताईचा नवरा यंत्रखात्यात आणि युनियनच्या कमिटीवर. वत्सलाचा नवरा भट्टीवर. सिंधूताई उंच, आवाज घोगरा आणि एवढा मोठा की वसाहतीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला आमचे गुण ऐकू येत. वत्सला बारीक, सिन्नरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आलेली. दोघींनी एका जुन्या लुगड्याचा जांभळा काठ फाडून आपापल्या बॅटींच्या मुठींना गुंडाळला होता. चेंडूंना भोकंही त्याच पाडत. एकीने चिमट्यात चेंडू धरायचा, दुसरीने सुई टोचायची.

जोडीच्या खेळात निम्मा खेळ तोंडाचा असतो, हे बाहेरच्या लोकांना ठाऊक नसतं. चेंडू दोघींच्या मधोमध आला की एकीने ओरडायला हवं, "माझा!" किंवा "तुझा!" कुणीच ओरडलं नाही तर दोघी एकमेकींकडे बघत राहतात आणि चेंडू मधून निघून जातो. म्हणून नव्या बाईला मी पहिल्या दिवशी बॅट धरायला शिकवत नसे, ओरडायला शिकवत असे. ते फार अवघड जाई. सासरी कुणाला मोठ्याने हाक मारायची ज्यांना सवय नाही त्यांच्या गळ्यातून आवाजच निघत नाही. वत्सलाला सगळ्यांत जास्त दिवस लागले. चेंडू आला की ती ओठ हलवी, बस. सिंधूताई कमरेवर हात ठेवून म्हणे, "वच्छे, चेंडू काय तुझा सासरा हाय का? बोल की त्याच्याशी!" आणि एके दिवशी वत्सला ओरडली, "माझा!" स्वतःच दचकली, चेंडू जाळीत मारला, आणि सगळ्या कट्ट्याने टाळ्या वाजवल्या.

मग संप झाला.

संपाची कारणं इथे लिहीत नाही. कामगारांची बाजू न्याय्य होती, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. फाटकाशी संपकऱ्यांचा मांडव उभा राहिला. केंद्र मात्र उघडं ठेवा, असा वरून निरोप आला. बायका खेळत राहिल्या की घरं शांत राहतात, असा त्यांचा समज. पहिले काही आठवडे रांग नेहमीपेक्षा लांब होती. मग एका सकाळी कंपनीची बंद गाडी मागच्या फाटकाने आत गेली आणि तिच्यात भट्टीवरची काही माणसं होती. त्यांत वत्सलाचा नवरा होता.

तो का गेला ते मला माहीत नाही. वत्सलाने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तो चुकला, एवढं मात्र मी आजही म्हणेन.

दोन दिवसांत पत्रक निघालं. फुटीरांच्या घराशी देणंघेणं, पाणी, बोलणं सगळं बंद. पत्रक वसाहतीच्या नळावर चिकटवलं होतं. त्याच संध्याकाळी वत्सला केंद्रावर आली. कट्ट्यावर आधीच्या आठ-दहा बॅटी होत्या. तिने आपली बॅट शेवटी ठेवली आणि बसली. मग एकेक बाई उठली, आपली बॅट उचलली आणि हातात धरून उभी राहिली. सगळ्यांत शेवटी सिंधूताई उठली. कट्ट्यावर जांभळ्या मुठीची एकच बॅट राहिली. शेवटची होती ती आता पहिली झाली.

"चला बाई," सिंधूताई मला म्हणाली. "आम्ही चौघी तयार हाय. जाळी ताणा."

"तुमच्या बॅटी रांगेत नाहीत."

"मग ठेवतो. तिच्या आधी ठेवतो."

"तिची पहिली आहे. तिच्यानंतर ठेवा."

"बाई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"संपाच्या," मी म्हणाले. "पण इथे रांगेच्या."

"असं दोन्हीकडून नसतं," ती म्हणाली. ती बरोबर बोलत होती की नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

कुणी बॅट ठेवली नाही. कोर्ट रिकामं राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. वत्सला सगळ्यांच्या आधी येई, बॅट ठेवी आणि बसे. बाकीच्या येत, बॅटी हातात धरून पलीकडच्या लिंबाखाली उभ्या राहत. पहिल्या चार बॅटी आत, हा नियम. चार होत नव्हत्या, म्हणून खेळ नव्हता. केंद्राच्या संचालिकेने स्वतः रांगेत उभं राहायचं नाही, हाही माझाच नियम. तो मोडून तिच्या शेजारी बॅट ठेवावी असं मला रोज वाटे. पण मी ठेवली असती तर ती माझ्या दयेवर खेळली असती. आणि मला ती रांगेच्या हक्काने खेळायला हवी होती.

कल्याण अधिकाऱ्यांना हे कळायला वेळ लागला नाही. ते हसतमुख माणूस होते. त्यांनी वत्सलाला आणि मला ऑफिसात बोलावलं, चहा मागवला.

"निष्ठावान कामगारांच्या घरच्यांना त्रास होता कामा नये," ते म्हणाले. "या ताईंसाठी आणि आणखी चार-पाच जणींसाठी आपण सकाळची वेगळी वेळ ठेवू. नव्या बॅटी देऊ. कुणाचं तोंड बघायला नको."

मी काही बोलायच्या आत वत्सला म्हणाली, "नगं साहेब."

"का हो?"

"येगळी येळ नगं. माझी बॅट हाय तिथं हाय. त्या आल्या तर खेळीन, नाय आल्या तर बसन."

"पण त्या येणार नाहीत."

"मग बसन."

तिने चहा घेतला नाही. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, घरी बोलणी बसत असतील ना? ती म्हणाली, "बाई, नळावर मी गेले का बाया हंडे उचलत्यात. घरात मालक भिंतीकडं तोंड करून झोपत्यात. सिंधूताईच्या घरातला कुकर वाजतो त्यो मला आइकू येतो, आन मी शिट्ट्या मोजते. मला कुणाच्या घरी जायाचं नाय. पर इथं एका ठिकाणी माझी बॅट ठिवलेली आसती, येवढं राहू द्या."

त्या संध्याकाळी मी अण्णांच्या छापखान्यात गेले. नळावरचं पत्रक मी काढून आणलं होतं. ते त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे तुम्ही जुळवलंत?"

"मीच. दुसरं कोण आहे इथं?"

"पाणी, बोलणं बंद, हेही?"

अण्णांनी चष्मा वर केला. "संपात दुसरं हत्यार काय आहे गं आपल्याकडे? त्यांच्याकडे पैसा आहे, पोलीस आहेत. आपल्याकडे एकी आहे. ती मोडणाऱ्याला काहीच नाही म्हणायचं?"

"त्याला म्हणा. पण हे घराला म्हटलंय. गावानेही आपल्याला हेच म्हटलं होतं. तुम्ही मीठ आणायला गेलात ते काय तुम्ही काही मोडलं होतंत म्हणून?"

अण्णा रागावले. असे ते माझ्यावर फार क्वचित रागावत. "त्याची आणि याची बरोबरी करू नकोस. ते जुलमाचं होतं. हे हक्काचं आहे."

"वत्सलाच्या दारातून दोन्ही सारखंच दिसत असेल," मी म्हणाले.

अण्णा रॉकेलच्या बोळ्याने बोटांवरची शाई पुसत बसले. मी निघून आले. वाटेत मला रडू आलं, ते वत्सलासाठी नव्हतं. ज्यांच्या ओळींवर मी वाचायला शिकले त्यांच्याशीच मला ओळीवरून भांडावं लागलं, म्हणून होतं.

पुढे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. सिंधूताईचा नवरा पुढच्या पत्रकाचा मजकूर घेऊन छापखान्यात गेला. अण्णा म्हणाले, 'फुटीरांच्या घराशी' असं मी जुळवणार नाही, 'फुटीरांशी' म्हणत असाल तर जुळवतो. तो म्हणाला, तुम्हाला छापायचे पैसे देतो, शिकवायचे नाही. अण्णा म्हणाले, मग पैसे ठेवा आणि दुसरा छापखाना बघा. आमच्या अण्णांनी संपाचं पत्रक नाकारलं, हे त्या माणसाला खरंच वाटेना. रात्री कमिटीची बैठक बसली. तिथे बरीच आरडाओरड झाली म्हणतात. शेवटी तडजोड निघाली, आणि ती तडजोड सिंधूताईच मला सांगायला आली.

"कमिटीनं ठरवलंय. बायांनी तिच्यासंगं खेळायला हरकत नाय."

"छान झालं."

"पुढचं ऐका. खेळायचं, पण बोलायचं नाय."

"या खेळात?"

"कमिटीला काय माहीत खेळ कसा असतो," ती चिडून म्हणाली. "कमिटीत एक तरी बाई हाय का?"

मग ती कट्ट्याकडे वळली. लिंबाखालच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. तडजोड झाली होती, पण दुसऱ्या जागेवर, म्हणजे वत्सलाच्या जोडीला, कुणाला जायचं नव्हतं. सिंधूताईने क्षणभर वाट पाहिली. "कुणाला तरी ठेवायला पाहिजेच," ती म्हणाली. "मग माझीच." तिने आपली जांभळी मूठ वत्सलाच्या जांभळ्या मुठीशेजारी ठेवली. वत्सलाकडे बघितलंही नाही. मग तिसरी आली, चौथी आली, आणि रांग पुन्हा पहिल्यासारखी लांब झाली.

संप चालला तोवर त्या दोघी जवळजवळ रोज एका बाजूला खेळल्या. सिंधूताई, आमच्या वसाहतीतली सगळ्यांत चांगली खेळाडू, त्या काळात रोज हरली. चेंडू मधोमध आला की वत्सला ओरडे, "माझा!" किंवा "घ्या ताई!" सिंधूताईचे ओठ घट्ट मिटलेले. वत्सला ओरडली नाही तर दोघी थांबत, आणि चेंडू दोघींच्या मधून जाई. कधी दोघी एकदमच धावत आणि बॅटी एकमेकींवर आपटत. मी आयुष्यात पुष्कळ वाईट खेळ पाहिला आहे, पण इतका मुका खेळ पाहिला नाही. कट्ट्यावरच्या बायकाही हळूहळू गप्प झाल्या. गुण सांगायला तेवढा माझा आवाज निघे. फाटकावरचा पहारेकरी मला एकदा म्हणाला, "बाई, केंद्र बंद पडलं का हो?"

माईंनी एकदा न राहवून सिंधूताईला म्हटलं, "अगं, खेळापुरतं तर बोल."

सिंधूताई म्हणाली, "माई, मांडवात आमची माणसं उपाशी बसल्यात. मी शब्द दिलाय. माझा शब्द स्वस्त नाय."

तेही खरं होतं. तिच्या त्या हट्टाचा मला राग येई आणि आदरही वाटे. तत्त्वावर माझ्याइतकीच अडून बसणारी दुसरी बाई मला त्या वसाहतीत भेटली, ती ही एकच.

संप मोडला. कसा मोडला तेही इथे लिहीत नाही, मोडलेल्या संपांची गोष्ट सगळीकडे सारखीच असते. बहुतेक लोक खाली माना घालून कामावर गेले. कमिटीतल्यांना घेतलं नाही. सिंधूताईच्या नवऱ्याच्या हातात बडतर्फीचा कागद पडला आणि क्वार्टर सोडायची मुदत. वत्सलाचा नवरा पाळीप्रमुख झाला. आणि कल्याण अधिकाऱ्यांनी माझ्याकडे एक सूचना दिली, फलकावर लावायला. कामावरून काढलेल्यांच्या कुटुंबीयांना केंद्राच्या सोयी मिळणार नाहीत.

मी म्हणाले, मी ही लावणार नाही.

"तुमची नेमणूक हंगामी आहे, हे लक्षात आहे ना?" ते हसूनच म्हणाले. मी म्हणाले, आहे. त्यांनी टाचण्या मागितल्या आणि सूचना स्वतः लावली. महिनाअखेरीस माझी नेमणूक संपली, ती पुन्हा झाली नाही. आज मी इंदिरानगरच्या बाजूला एका शाळेत खेळ शिकवते. मैदानावर मी चुन्याने तशाच रेघा आखल्या आहेत, ओट्यासकट. पण तो वेगळा विषय.

सिंधूताई शेवटची आली ती त्याच महिन्यात, सामान बांधून झाल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो येणार होता. तिने माझ्या टेबलावर बॅट ठेवली. "केंद्राची हाय, परत देते. मुठीचं कापड तेवढं माझं, पण आता सोडवत बसत नाय."

"रांगेत ठेवा," मी म्हणाले.

तिने फलकाकडे मान वळवली. "वाचता येतं मला."

"मलाही येतं. रांगेत ठेवा."

ती हलली नाही. कट्ट्यावर वत्सला बसली होती, नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी येऊन. आपल्या नवऱ्याची नवी जागा, फलकावरची सूचना, दारात येऊन उभे राहिलेले कल्याण अधिकारी, हे सगळं तिला दिसत होतं. ती उठली. टेबलापाशी आली, सिंधूताईची बॅट उचलली आणि नेऊन आपल्या बॅटीशेजारी ठेवली.

"पैली माझी हाय," ती मला म्हणाली. एवढं मोठ्याने ती खेळातही कधी बोलली नव्हती. "दुसरी यांची."

तिसरी बॅट माईंनी ठेवली. चौथी ठेवली ती हौसाबाईच्या बाईसाहेबांनी, त्या मोठ्या साहेबांच्या पत्नीने, आणि कल्याण अधिकारी दारातून मागे सरले.

त्या दिवशीचा डाव लांबला. सिंधूताई तोंड मिटूनच खेळत होती. संप संपला होता, शब्द कुणाला द्यायचा तो कुणी उरला नव्हता, पण तिने तो परत घेतला नव्हता. गुण सारखे होत गेले. शेवटच्या गुणाला माईंनी उंच चेंडू टाकला. तो वाऱ्यावर थोडा सरकला आणि दोघींच्या बरोबर मध्ये उतरायला लागला. सिंधूताई पुढे होती, तिचा हात पोचला असता. तिने बॅट उचलली, आणि मग एक पाऊल मागे घेतलं.

"वच्छे, तुझा!"

तो आवाज फाटकापर्यंत गेला असेल.

वत्सलाने चेंडूकडे बघितलंच नाही. ती सिंधूताईकडे बघत राहिली. चेंडूने टप्पा घेतला, तिच्या कोपराजवळून मागे गेला आणि गटारीच्या कडेला जाऊन थांबला. कुणी तो आणायला धावलं नाही.

"गुण समोरच्यांचा," मी म्हणाले. "डाव संपला."

मग चौघींनी नियमाप्रमाणे आपापल्या बॅटी नेऊन रांगेच्या शेवटी ठेवल्या. सिंधूताईनेही.